वारजाई घाटातला खेकडा

“चालतंय का नुसतंच लुकलुकतंय?” पिसाळशेठनी ट्रकच्या बुडाखाली डोकावत विचारलं.

“चालतं,” मी म्हणाले.

“आन् वळतंय?”

“रस्त्याकडेचा पांढरा पट्टा वळेल तसं वळतं.”

“मग हे माझ्या पोरापरीस ग्वाड हाय. ते सांगूनबी वळत न्हाई.” शेठ आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. घाटाखालच्या टपरीवरचा चहावालाही हसला. अण्णा हसले नाहीत. हातातल्या लोखंडी टॉमीनं एकेक टायर ठोकत, कान देऊन आवाज ऐकत ते गाडीभोवती फिरत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, हिंदुराव मोहिते. पिसाळशेठच्या गाडीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. कोकणात जांभा चिरा भरायचा, वारजाईचा घाट चढायचा आणि पाटण-कराडकडच्या बांधकामांवर उतरवायचा. कागदावर गाडी शेठची होती, पण शेठसुद्धा तिला ‘हिंदुरावची गाडी’ म्हणायचे.

थंडीचे दिवस. सूर्य चांगला वर आला होता, टपरीवाल्याचं दूध संपत आलं होतं, तरी घाटातलं धुकं जागचं हललं नव्हतं. बुडाखाली मी बसवलेली पेटी पत्र्याच्या ट्रंकेएवढी होती. तिला चार रबरी चाकं, पोटाखाली पट्टा ओळखणारे डोळे आणि पाठीवर घडी घातलेला लाल त्रिकोण. गाडी थांबवून हँडब्रेक ओढला की पेटी खाली उतरायची, पट्ट्याला धरून मागे मागे जायची, वळणापलीकडे पोचली की थांबून त्रिकोण उभा करायची आणि दिवा लुकलुकायला लागायची. पट्ट्यावर चालणारी गाडी पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाला प्रत्येक जण करतो, टेबलावर काळी टेप चिकटवून. मी ती रस्त्यावर आणली, एवढाच माझा पराक्रम. ती रस्त्याच्या कडेनं तुरुतुरु सरकायला लागली की ड्रायव्हर लोक म्हणायचे, “निघाला बघा खेकडा.” मग तेच नाव पडलं.

माझा थोरला भाऊ सुहास ह्याच घाटात गेला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. तो आणि अण्णा जोडीनं गाडी चालवायचे. चढावर गाडी बंद पडली, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून सुहास रस्त्यावर दगड मांडायला उतरला आणि धुक्यातून आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं, असं आम्हाला कळलं होतं.

बंद पडलेल्या गाडीची आपल्याकडे हीच रीत आहे. सरकारी नियमाचा लाल त्रिकोण असतो, पण तो सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत नवाकोरा पडून असतो. रस्त्यावर दिसतात ते दगड, आणि मागच्या फळीला खोचलेली झाडाची फांदी. दगड काही आपल्या पायांनी जाऊन बसत नाहीत. वाहत्या रस्त्यावरून कुणाला तरी मागे चालत जावं लागतं.

सुहास गेल्यावर ते कुणीतरी म्हणजे अण्णाच उरले. शेठनी दुसरा जोडीदार देऊ केला, अण्णांनी नको म्हटलं. साठी गाठलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, एकटाच गाडी चालवायचा आणि बंद पडली की एकटाच मागे चालत जायचा. आई रात्रभर दाराकडे कान लावून पडायची. सुहासची बायको, माझी कल्पनावहिनी, शिलाई मशीनवर बसून राहायची आणि सुई अडली तरी पाय मारत राहायची. ते घर बघून मला भीती वाटायची. मी कराडच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला होते. सुट्टीच्या दिवशी गावी यायचं, गोठ्यात दिवा लावून खेकड्यावर काम करायचं, असं मी वर्षभर केलं. मला एकच गोष्ट हवी होती. अण्णांनी पुन्हा कधी गाडीमागे उतरून रस्त्यावर जायचं नाही.

शेठ तयार होते. “हिंदुराव व्हय म्हनला तर सगळ्या गाड्यांस्नी लावतो,” ते म्हणाले होते. अण्णा मात्र हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, “घाटात बघू. मी म्हनीन तितं थांबायचं.”

म्हणून आज आम्ही घाटाच्या पायथ्याशी उभे होतो. ठरलं असं की अण्णा आणि मी ट्रकनं पुढे जायचं, शेठनी जरा मागून जीप घेऊन यायचं आणि खेकडा आधी दिसतो की ट्रक, ते बघायचं.

“हिंदुराव, म्होरं व्हा,” शेठ म्हणाले. “माज्या जीपनं तुमची गाडी ठोकली तर खर्च पोरीच्या नावावर.”

अण्णांनी चिऱ्यांवरचा दोर ओढून पाहिला आणि वर चढले. मी त्यांच्याशेजारी बसले. सुहास बसायचा त्या जागेवर.

घाट सुरू झाला. भरलेली गाडी कण्हत चढत होती. काचेपुढे पाच-दहा हात रस्ता दिसायचा, पुढे सगळं पांढरं. मला गप्प बसवेना.

“अण्णा, विचारा की काहीतरी. शाळेत तोंडी परीक्षा असल्यासारखं वाटतंय मला.”

“वारं आलं तर पडतंय का?”

“नाही. खाली शिशाचा ठोकळा बसवलाय.”

“पट्ट्यावर शेण पडलं आसंल तर?”

“जरा चाचपडतं, मग शेणापुढचा पट्टा शोधतं.”

“हुशार हाय की,” अण्णा म्हणाले आणि गिअर बदलला. त्यांच्या तोंडून तेवढंसुद्धा ऐकून मला बरं वाटलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. खरं तर कुठल्याच गोष्टीला काहीच म्हटलं नव्हतं. जेवायला बसले की मीठ नसलं तरी खायचे.

डावीकडे डोंगर, उजवीकडे दरीच्या बाजूला दगडी कठडा. दोन-तीन वळणं मागे पडली. मग एका आंधळ्या वळणाच्या पुढे, डोंगराच्या बाजूला रस्ता जरा रुंद होता, तिथे अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

“इथं?” मी विचारलं. “इथं तर मागचं काहीच दिसत नाही.”

“म्हनून तर.”

मी आरशात पाहत राहिले. बुडाखालून खट् झालं, मोटर घरघरली आणि खेकडा बाहेर आला. पट्ट्यावर येऊन जरासा अडखळला, डावीकडे उजवीकडे हुंगल्यासारखं केलं आणि निघाला. तो उतारावरून खाली गेला, वळणाला पट्टा वळला तसा तोही वळला आणि धुक्यात दिसेनासा झाला. थोड्या वेळानं डोंगराच्या ओल्या कातळावर लाल उजेड यायला लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा.

“पोचला!” मी ओरडलेच. अण्णांचा हात मी केव्हा धरला होता, मला कळलं नव्हतं. त्यांनी तो सोडवला नाही.

जीप आली. वळणाआधीच तिचा वेग उतरला, मग ती सावकाश वळसा घालून आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. शेठ खिडकीतून अर्धे बाहेर आले होते.

“फस्क्लास! वळनाच्या आदीच दिसला लाल दिवा. तुमची गाडी तर आत्ता दिसली, नाकाजवळ आल्यावर. उजे, तू सोन्याची हायस बघ! काय हिंदुराव, आता तरी तोंड उघडा.”

“झ्याक हाय,” अण्णा म्हणाले.

“ठरलं मग! वर च्याला या, भजी सांगून ठिवतो.” शेठनी जीप काढली आणि ती वर धुक्यात गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

मला रडू येत होतं. सुहासदादासाठी, आणि आता अण्णांना काही होणार नाही म्हणून. ते रडू सुखाचं होतं की कसलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मी डोळे पुसले आणि म्हणाले, “चला, भजी गार होतील.”

“चला,” अण्णा म्हणाले, पण किल्लीकडे हात गेला नाही. “ह्याला कोन आननार?”

“कुणाला?”

“खेकड्याला.”

“मी आणते की, त्यात काय! उचलायचा आणि यायचं.” मी दार उघडून एक पाय खाली टाकलाही. तेवढ्यात अण्णांनी मागून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“तू न्हाई.”

“मग तुम्ही? तुमचे गुडघे बघा जरा. तोवर मी जाऊन आलेसुद्धा असेन.”

“बस म्हनलं ना!”

अण्णा ओरडले. मी पुन्हा वर बसले. ते माझ्यावर कधी ओरडत नसत. लहानपणी कौलं फोडली होती तेव्हाही नव्हते ओरडले.

“अण्णा, तिथं दिवा चालू आहे. येणारा प्रत्येक जण हळू होतोय. आता कसली भीती?”

“उचलल्यावर?” ते म्हणाले. “उचलून हातात घेतल्यावर कुनाला दिसतोय दिवा? आन् गाडीकडं चालत येताना तुजी पाठ कुनाकडं आसंल?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जाण्याचा विचार केला होता. वर्षभर गोठ्यात बसून फक्त जाण्याचा.

“मग राहू दे त्याला तिथंच,” मी म्हणाले. “शेठना सांगू, ते कुणाला तरी पाठवतील.”

म्हणाले खरी, पण अण्णा ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं. बाकीचे ड्रायव्हर काम झालं की दगड तसेच टाकून निघून जातात. घाटात कुठेही बघा, मधोमध दगडांची रांग असते आणि गाडीचा पत्ता नसतो. अण्णा तरुण असताना चिपळूणच्या रस्त्यावर अशाच सोडलेल्या दगडांवर लुनावरचं एक जोडपं आपटलं होतं. अण्णांनी त्या दोघांना आपल्या गाडीत घातलं, पण उपयोग झाला नाही. बाईच्या पिशवीतली मेथीची जुडी रस्ताभर पसरली होती, एवढंच ते सांगायचे आणि पुढचं सांगायचे नाहीत. तेव्हापासून त्यांचा नेम होता. रस्त्यावर जे मांडलं ते उचलल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ते फुटके चिरे जवळच बाळगायचे, तेच मांडायचे आणि तेच उचलून आणायचे. बाकीचे त्यांची टर उडवायचे, “हिंदुराव, दगडास्नी बी घरी न्हेतोस व्हय?” अण्णा म्हणायचे, “न्हेतो.”

आणि हे सगळं मनात येत असतानाच मी अण्णांकडे वळले.

“अण्णा,” मी म्हणाले. “दादा दगड मांडायला गेला होता ना?”

ते काचेतून पुढे बघत होते. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं.

“अण्णा.”

“मांडून झालती,” ते म्हणाले. “कवाच झालती. मांडताना काय हुतंय? मांडताना मानूस समोर बघत जातो, येनारी गाडी दिसती. ब्रेकच्या हवेचा पाइप फुटलाता. त्यानंच बांधला. लई चांगला बांधला. मी स्टेरिंगवर बसलो. तो खिडकीशी आला नि म्हनला, अण्णा, आज ऱ्हाऊ द्या चिरं. धुकं लई हाय.”

मी अर्धवट उघडं दार ओढून घेतलं.

“मी म्हनलं, आपल्या गाडीची दगडं दुसऱ्याच्या जिवावर टाकून जायाची न्हाईत. जा, घिऊन ये. तर हासला. म्हनला, तुमी लई कडक मास्तर हायसा. आन् गेला.”

कातळावरचा लाल उजेड येत होता, जात होता.

“मी इंजिन चालू करून बसलोतो. म्हनून आवाज बारीक आला. मला वाटलं, त्यानं चिरं खाली टाकली.”

“आणि टेम्पोवाला…”

“त्याला कशाला बोल लावायचा? त्याला काय दिसनार? ह्यानं समदी उचललीती. हातात हुती त्याच्या. सोडली न्हाईत त्यानं.” अण्णांचा आवाज फुटला. “पाठ हुती गं त्याची. हितंच. ह्याच वळनाला.”

आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. चितेपाशीसुद्धा ते रडले नव्हते. लोक म्हणाले होते, हिंदुराव दगडाच्या काळजाचा आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. तुमची चूक नाही, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं वाटलं असतं आणि खरं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “जा, कठड्याच्या पल्याड जाऊन हुबी ऱ्हा,” ते म्हणाले. “मी हाक मारीपातूर रस्त्यावर यायाचं न्हाई.”

“अण्णा, मी येते तुमच्याबरोबर.”

“उजा, माजं आईक. ह्या येळला तरी माज्या मनासारखं हुं दे.”

मी ऐकलं. रस्ता ओलांडून कठड्यापलीकडच्या गवताळ पट्टीवर जाऊन उभी राहिले. अण्णा खाली उतरले आणि पट्ट्याला धरून, गुडघ्यावर हात टेकत, उतारानं निघाले. खेकडा गेला तसेच तेही वळणाआड गेले. मी फक्त कातळावरचा उजेड बघत होते. तो येत होता तोवर ठीक होतं. मग तो गेला आणि परत आला नाही. त्यांनी खेकडा उचलला होता.

खालून एस.टी.चा आवाज यायला लागला. घाटात आवाज कुठून येतो कळत नाही, सगळीकडूनच येतो. मी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि “अण्णा!” म्हणून ओरडले. उत्तर आलं नाही. एस.टी. वळणातून बाहेर आली, आमच्या ट्रकला वळसा घालून, हॉर्न मारत वर गेली. ड्रायव्हरनं मला बघून हात केला, म्हणजे खाली काही वाईट झालेलं नसणार, असं मी मनाला समजावलं.

आणि मग अण्णा दिसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. खेकडा पोटाशी धरून ते उलटे चालत येत होते, तोंड खाली, येणाऱ्या गाड्यांकडे. चढावर, त्या गुडघ्यांवर, एकेक पाऊल मागे चाचपत. दर दोन-चार पावलांनी थांबायचे, दम घ्यायचे, पण वळून बघायचे नाहीत. दोन वर्षं हा माणूस दर वेळी असाच आला असणार, एकटा, आणि आम्हाला घरी कुणाला पत्ता नव्हता. गुडघे एवढे का दुखतात म्हणून आई त्यांना तेल लावत होती.

ट्रकपाशी पोचल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी वर बसल्यावर खेकडा माझ्या मांडीवर दिला. त्याची चाकं चिखलानं भरली होती.

“जायाचं कळतंय ह्याला,” अण्णा म्हणाले. “परत यायाला शिकव. मग लाव समद्या गाड्यांस्नी.”

वर भजी गार झाली होती. शेठ पुष्कळ बोलले, आम्ही दोघांनी माना हलवल्या.

त्याच संध्याकाळी अण्णांनी आईला आणि वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. आई रडली. वहिनीनं ऐकून घेतलं, उठून ताटं वाढली, अण्णांच्या ताटाशी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवला. महिन्याभरानं ती माहेरी गेली ती गेलीच. रागानं गेली असं मला वाटत नाही. एका घरात अण्णांच्या समोर रोज बसून जेवणं तिला जमलं नसेल. मशीन तिनं नेलं नाही. त्यावर बरीच वर्षं आईची गोधडी पडून होती.

खेकड्याला परत यायला शिकवायला मला उन्हाळा लागला. गाडीचं इंजिन सुरू झालं की त्यानं निघायचं, दिवा चालू ठेवून, त्रिकोण उभा ठेवून, तोंड मागच्या रस्त्याकडे करून उलटं यायचं. आता ह्याला पुष्कळ वर्षं झाली. पुढे तो शेठच्या सगळ्या गाड्यांना लागला, दुसऱ्यांच्याही लागला आणि त्याच्यामुळे किती जण वाचले हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण न झालेला अपघात कुणाला दिसत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलाय तो शाळेच्या मैदानावरचा दिवस. मुलांना सुट्टी होती. मी पांढऱ्या फक्कीनं लांबलचक पट्टा आखला होता, मैदानाला वळसा घालून शाळेच्या मागे जाणारा. अण्णांनी गाडी आणून उभी केली आणि खाली उतरून गाडीच्या मागच्या फळीपाशी येऊन थांबले.

खेकडा गेला. इमारतीच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. जरा वेळानं मी वर चढून इंजिन सुरू केलं आणि उतरून अण्णांशेजारी उभी राहिले. आम्ही वाट बघत होतो. मग कोपऱ्यावर लाल दिवा दिसला. उलटा उलटा, पट्टा न सोडता, खेकडा मैदानाला वळसा घालून आला आणि अण्णांच्या पायांपाशी येऊन थांबला.

“आला,” मी म्हणाले.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “आला.”

मी इंजिन बंद केलं, खेकडा पुसला, त्याच्या जागी नीट बसवला. वळून पाहिलं तर अण्णा अजून तिथेच उभे होते आणि शाळेच्या कोपऱ्याकडे बघत होते.